मोटारसायकलच्या चाकाचं बॅलन्सिंग: दांडा, मशीन, मणी की लिक्विड?

पावसाळा ओसरला की इंदुरात टायरच्या दुकानांवर गर्दी वाढते. चार महिने खड्ड्यांतून काढलेले असतात, दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालायची असते आणि दिवाळीच्या सुट्टीत मांडू, महेश्वर नाहीतर ओंकारेश्वर गाठायचं असतं. नवा टायर बसतो, पलासियापर्यंत गाडी मऊसूत चालते. मग देवास बायपासवर काटा ७५-८० वर गेला की हँडलमध्ये बारीक थरथर सुरू होते आणि अर्ध्या तासात तळहात बधिर होतात.

अशी गाडी घेऊन चार ठिकाणी विचारलं तर चार उत्तरं मिळतात. बाईकला बॅलन्सिंग लागतच नाही, असं एक जण सांगतो. दुसरा कारच्या मशीनवर चाक लावून देतो म्हणतो. तिसरा टायरमध्ये लिक्विड भरायला सांगतो, आणि मोबाइलवर कुणीतरी टायरमध्ये बारीक मणी ओतून दाखवत असतं. चारही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे. तुमच्या गाडीला त्यातलं कोणतं लागू पडतं ते चाकाची रुंदी, रिमचा प्रकार आणि तुमचा नेहमीचा वेग यांवर अवलंबून आहे. दुकानात कुठलं मशीन उभं आहे यावरून मात्र ते ठरू नये.

## बिघडतं नेमकं काय

दोन मुली फुगडी घालतात. दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर फुगडी जागच्या जागी फिरते. एक बरीच जड असली की फिरण्याचा मध्य तिच्याकडे सरकतो आणि हलकी मुलगी मोठ्या वर्तुळात फेकल्यासारखी फिरते. चाकाला मध्य सरकवण्याची अशी मोकळीक नाही. त्याचा मध्य ॲक्सलने, म्हणजे चाकाच्या मधोमध जाणाऱ्या दांड्याने, पक्का धरलेला असतो. म्हणून जड बाजूची ओढ ॲक्सलवर येते, तिथून फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) आणि फोर्कमधून हँडलवर.

नव्या टायरलाही जड बाजू असते. टायर बनवताना रबर आणि कापडाचे थर गुंडाळून त्यांची टोकं एकमेकांवर जोडतात, त्या जोडापाशी माल थोडा जास्त येतो. अलॉय रिम ओतताना जाडीत फरक राहतो. एका जागी व्हॉल्व्ह असतो. ट्यूब असेल तर तिच्यावर पंक्चरचा पॅच असतो. हे सगळं मिळून दहा, वीस, क्वचित चाळीस ग्रॅमचा फरक पडतो.

वीस ग्रॅमने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. गोफण आठवा. दगड मुठीत मावण्याएवढाच असतो, पण फिरवायला लागल्यावर हात ओढून घेतो, आणि वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते. आता चाकाचा हिशेब करू. टायरवर १००/८०-१७ असं लिहिलेलं असेल तर रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १७ इंची. अशा चाकाचा घेर सुमारे १.८६ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटरला ते सेकंदाला १५ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला, म्हणजे मध्यापासून साधारण २२ सेंटिमीटरवर, २० ग्रॅम जास्त असतील तर या वेगाला त्यांची ओढ जवळजवळ ४ किलो वजनाइतकी होते, आणि ती सेकंदाला १५ वेळा वर-खाली, पुढे-मागे दिशा बदलते. ताशी ५० ला तीच ओढ एक किलोच्या आसपास राहते. राजवाड्याच्या गर्दीत चाक निर्दोष वाटतं आणि बायपासवर थरथरतं, त्याचं कारण हे.

थरथर ७५-८० च्या आसपासच जोर का धरते? झोक्यावर बसलेल्या मुलाला योग्य वेळी बोटाने ढकललं तरी झोका उंच जातो. चाक आणि सस्पेन्शन मिळूनही एक झोका असतो. चाकाचा वर-खाली होण्याचा स्वतःचा ताल साधारण सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांचा असतो. ताशी ८० ला आपलं चाक सेकंदाला १२ फेऱ्या मारतं. दोन्ही ताल जुळले की लहानसा धक्काही मोठा होऊन हातापर्यंत पोचतो. म्हणूनच काही गाड्यांत वेग आणखी वाढवल्यावर थरथर उलट थोडी कमी झाल्यासारखी वाटते. दोष गेलेला नसतो, ताल चुकलेला असतो.

## थाळी आणि लाटणं

बॅलन्सिंगच्या चर्चेत दोन शब्द सतत येतात: स्टॅटिक आणि डायनॅमिक. हे दोन समजले की पुढचं सगळं सोपं होतं.

चाक मोकळं टांगलं आणि जड बाजू आपोआप खाली येऊन थांबली तर तो स्टॅटिक दोष. तो शोधायला फक्त गुरुत्वाकर्षण पुरतं.

डायनॅमिक दोष लबाड असतो. लाटण्याच्या डाव्या टोकाला वरच्या बाजूने कणकेची गोळी चिकटवा आणि उजव्या टोकाला खालच्या बाजूने तेवढीच गोळी. आता लाटणं मध्यावर टांगलं तर ते कुठल्याच बाजूला वळणार नाही, कारण वर आणि खाली वजन सारखं आहे. पण ते जोरात गरागरा फिरवलं तर दोन्ही टोकं आळीपाळीने डोलतील. स्थिर असताना हा दोष दिसत नाही, फिरवल्यावरच दिसतो.

यासाठी लाटण्याला लांबी हवी. हाच प्रयोग थाळीवर केला तर डोलणं नगण्य राहतं, कारण थाळीला जाडीच नाही. मोटारसायकलचं पुढचं चाक थाळीच्या जवळचं असतं. ८०, ९०, १०० मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये डायनॅमिक दोषाला जागाच थोडी असते, स्टॅटिक दोष काढला की काम होतं. कारचं चाक लाटण्याकडे झुकतं, म्हणून त्याला मशीन लागतं. मोटारसायकलींमध्ये १५० मिलिमीटर आणि त्याहून रुंद मागचे टायर मधे कुठेतरी येतात. ड्यूक ३९० चा मागचा १५०/६०-१७ घ्या. तिथे मशीनचा थोडा फायदा होऊ शकतो. स्प्लेंडरच्या चाकाला तो होत नाही.

## वजन लावण्याआधी चाक तपासा

गोल नसलेल्या चाकाला वजनं लावून ते गोल होत नाही. तरीही बॅलन्सिंगवर बरेच पैसे असेच वाया जातात, म्हणून आधी दोष नक्की चाकाचाच आहे का ते ठरवा.

मोकळा, सरळ, सपाट रस्ता निवडा. थरथर येते त्या वेगाला गाडी स्थिर ठेवा, मग क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर चाक, लगेच गेली तर इंजिन. हँडलमध्ये जाणवते ती बहुधा पुढच्या चाकाची असते, सीटमध्ये आणि फूटरेस्टवर जाणवते ती मागच्या. वेग स्थिर आणि रस्ता सपाट, या दोन अटी महत्त्वाच्या. शेजारच्या पीथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक गाड्यांना नेमकं हेच देतो: एका वेगाला न थांबता चालवता येईल असा लांबलचक सपाट रस्ता. खंडवा रोडच्या सिमरोल घाटात ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

दोष चाकाचा ठरला की डबल स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर गाडी घ्या आणि हे बघा.

हवा. गाडी थंड असताना, चेन कव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरनुसार. नुसती हवा कमी असल्यानेही हँडल डुलतं.

टायर रिममध्ये नीट बसला आहे का. टायरच्या बाजूला, रिमच्या अगदी लगत, सगळीकडे फिरणारी एक बारीक उंच रेघ असते. तिचं रिमपासूनचं अंतर पूर्ण घेरात सारखं हवं. एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये बुडालेली दिसली तर टायर तिथे वर चढलेलाच नाही. हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा भरायला सांगा. नवा टायर टाकल्यावर आलेल्या थरथरीत सगळ्यात आधी हे बघावं, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही.

रिम आउट, म्हणजे वाकडी, आहे का. फोर्कला एक केबल टाय बांधा आणि तिचं टोक रिमपासून एक-दोन मिलिमीटरवर येईल इतकं कापा. चाक हळू फिरवा. फट कमी-जास्त होते तेवढी रिम आउट. कितीपर्यंत चालतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना वर-खाली आणि डावी-उजवी २ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा असते. स्पोकच्या चाकात स्पोक ताणून रिम सरळ करता येते. अलॉय खड्ड्यात दबली असेल तर बॅलन्सिंगचा विचार थांबवा आणि रिमचं बघा.

बेअरिंग आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं). चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून बाजूला हलवा, टकटक जाणवली तर बेअरिंग गेलं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखं थबकलं तर कोनसेट खराब आहे. खराब कोनसेट थोडासा दोषही मोठा करून दाखवतो.

## दांड्यावरचं बॅलन्सिंग

बहुतेक मोटारसायकलींना आमचा सल्ला हाच आहे. चाकाच्या मधून सरळ दांडा घालायचा, तो दोन्ही टोकांना मोकळ्या बेअरिंगवर ठेवायचा आणि जड बाजू खाली येऊ द्यायची. यात वीज, स्क्रीन, मोटर काहीच नाही. म्हणून ही पद्धत मागासलेली वाटते, पण अरुंद चाकाला तिची अचूकता पूर्ण पुरते.

तयार स्टँड मिळतं. घरी करायचं असेल तर एकाच उंचीचे दोन खांब, प्रत्येकावर शेजारी शेजारी दोन, अशी ६०८ क्रमांकाची चार छोटी बेअरिंगं (८ मिलिमीटरचं भोक, बाहेरून २२ मिलिमीटर, स्केटच्या चाकांत असतात तीच), एक सरळ दांडा आणि चाक दांड्याच्या मधोमध धरणारे दोन शंकू एवढंच लागतं. सियागंजात हार्डवेअरची दुकानं पालथी घातली की सगळं जमतं. बेअरिंगमधलं ग्रीस पेट्रोलने धुऊन एक-एक थेंब पातळ तेल घाला. ग्रीस राहिलं तर ती अडखळतात. दांडा पाणसळीने समतल करा.

चाक स्वतःच्याच ॲक्सलवर आणि स्वतःच्याच बेअरिंगवर फिरवून बघणं ही इथली नेहमीची चूक. चाकाच्या बेअरिंगला रबरी सील असतात, आत घट्ट ग्रीस असतं. त्या घर्षणात पाच-दहा ग्रॅमचा फरक लपून जातो. ॲक्सल वापरलात तरी चालेल, पण फिरायला हवं ते ॲक्सल, स्टँडच्या मोकळ्या बेअरिंगवर.

चाक काढताना जे भाग चाकाबरोबर फिरतात ते त्याच्यावर राहू द्या: डिस्क, एबीएसची रिंग, मागच्या चाकाचं स्प्रॉकेट. जे फिरत नाहीत ते काढा: ड्रम ब्रेकची प्लेट, स्पीडोमीटरची गरारी. जुनी वजनं उपटून टाका. चाक डिस्कच्या बाजूवर आडवं ठेवू नका आणि डिस्कला तेलाचा हात लावू नका.

आता चाक स्टँडवर हलकेच फिरवून सोडा. थांबल्यावर सगळ्यात खाली असलेल्या जागी खडूने खूण करा. असं तीनदा करा, दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरुवात करून. तिन्ही वेळा तीच खूण खाली आली तर ती जड बाजू. तीन वेगळ्याच जागा आल्या तर एकतर चाक आधीच ठीक आहे किंवा स्टँड अडखळतंय. यातलं कोणतं, हे कळायला सोपी युक्ती आहे: पाच ग्रॅमचं वजन रिमच्या कडेला कुठेही कागदी टेपने चिकटवा, ती बाजू घड्याळातल्या तीनच्या जागी आणा आणि सोडा. ती हळूहळू खाली आली तर स्टँड विश्वासाचं आहे. जागची हलली नाही तर स्टँड दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जड बाजू सापडली की तिला तीनच्या जागी आणा. समोर, म्हणजे नऊच्या जागी, पाच-पाच ग्रॅमनी वजन टेपने लावत जा. चाक हात सोडल्यावर जिथल्या तिथे राहायला लागलं की थांबा. मग खूण बारा, तीन, सहा आणि नऊ अशा चारही जागी नेऊन सोडून बघा. कुठेच वळलं नाही तर झालं. शेवटच्या एक-दोन ग्रॅमच्या मागे लागू नका. पाच ग्रॅमच्या आतला फरक रस्त्यावर हाताला कळत नाही.

वजन ६०-७० ग्रॅमच्या वर जायला लागलं तर तिथेच थांबा. कित्येक मॅन्युअलांत हीच कमाल मर्यादा दिलेली असते. एवढं वजन लागतंय याचा अर्थ टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकाच ठिकाणी आली आहे. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. पुष्कळदा सत्तरवरून वीसवर येतं.

खरं तर ही वेळ टायर बसवतानाच टाळता येते. बऱ्याच नव्या टायरांच्या बाजूला रंगाचा छोटा ठिपका असतो, बहुधा पिवळा. टायरची ती सगळ्यात हलकी जागा. व्हॉल्व्ह वजनदार असतो म्हणून ठिपका व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणायचा, असा रिवाज आहे, आणि दुसरं काहीच करणार नसाल तर तेवढं तरी करून घ्या. पण रिमची जड बाजू दर वेळी व्हॉल्व्हपाशीच असते असं नाही. टायर चढवण्याआधी नुसती रिम स्टँडवर ठेवून तिची जड बाजू शोधली आणि ठिपका त्या खुणेपाशी आणला तर नंतर वजनं फार थोडी लागतात, कधीकधी लागतही नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे.

वजनं चिकटवताना घाई करू नये. अलॉयसाठी पाच आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यांच्या पट्ट्या येतात, मागे फोमची गोंदपट्टी असते. जुना गोंद रॉकेलने सुटतो, पण रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो. तो स्पिरिटच्या फडक्याने पुसला नाही तर वजन पहिल्याच धुलाईत पडतं. मागच्या चाकावर चेनच्या तेलाचे शिंतोडे असतात, तिथे आणखी काळजी. तुकडा रिमच्या आतल्या घेरावर मधोमध लावा. रिम रुंद असेल तर निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. अर्धा मिनिट अंगठ्याने दाबून धरा आणि एक दिवस तरी प्रेशरचं पाणी मारू नका. चाक बसवल्यावर हाताने फिरवून बघा की वजन ब्रेकच्या कॅलिपरला कुठे लागत नाही ना. ही तपासणी विसरली तर चालत्या गाडीत वजन उडतं आणि कॅलिपरला ओरखडा पडतो.

## स्पोकचं चाक असेल तर

बुलेट, हिमालयन, जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या स्पोक-चाकावर गोंदाची वजनं नीट बसत नाहीत, कारण रिमचा आतला भाग गोलसर असतो आणि मधे निपल (स्पोक रिमला घट्ट करणारे छोटे नट) येतात. तिथे स्पोकवर निपलपाशी पकडणारी खाचेची वजनं वापरतात. ती मिळाली नाहीत तर सोल्डरची जाड तार चालते. लागेल तेवढी तार तोडून वजन करा (त्यासाठी सराफाचा काटा नको, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला पुरतो), निपलच्या लगत स्पोकभोवती घट्ट गुंडाळा आणि वर उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी किंवा इन्शुलेशन टेप लावा. सैल गुंडाळलेली तार घसरत हबकडे जाते. मध्याजवळ गेलेल्या वजनाची ओढ कमी होते आणि चाक पुन्हा बिघडतं. तारेत शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

स्पोक-चाकात क्रम मोडू नये. आधी स्पोकचा ताण बघून रिम सरळ, मग टायर-ट्यूब, शेवटी बॅलन्स. नंतर स्पोक ताणले तर टायरचा मध्य सरकतो आणि केलेलं बॅलन्सिंग बिघडतं.

## मशीनवर केव्हा जावं

मशीन चाक फिरवतं, थरथर मोजतं आणि कुठे किती ग्रॅम लावायचे ते स्क्रीनवर दाखवतं. मशीन वाईट नाही. अडचण चाक मशीनवर बसवण्याची आहे.

कारच्या रिमला मधोमध मोठं भोक असतं, ते मशीनच्या ३६ किंवा ४० मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर शंकूने पक्कं बसतं. मोटारसायकलच्या चाकाचं ॲक्सल १२ ते २० मिलिमीटरच्या आसपास. त्यातून मशीनचा दांडा जाणारच नाही. त्यासाठी बाईकचा वेगळा ॲडॅप्टर लागतो: बेअरिंगच्या भोकातून जाणारा बारीक दांडा, शंकू, आणि चाक दांड्याबरोबर फिरावं म्हणून स्पोकला टेकणारा हात. ॲडॅप्टर नसताना बेअरिंगच्या सीलवर शंकू दाबून चाक कसंबसं धरलं तर ते मध्यावर नसतं. मग मशीन चाकाचा नव्हे, स्वतःच्या पकडीचा दोष मोजतं. सीलही दबतं आणि पुढच्या पावसात बेअरिंगमध्ये पाणी जातं.

म्हणून मशीनवाल्याला दोन गोष्टी विचारा. बाईकचा ॲडॅप्टर आहे का? आणि बॅलन्स झाल्यावर चाक ॲडॅप्टरवर सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजून दाखवाल का? दुसऱ्या वेळचं माप पहिल्याशी पाच ग्रॅमच्या आत जुळलं तर पकड बरोबर आहे. शून्याचं अचानक पंचवीस झालं तर पकड चुकली, वजनं लावून घेऊ नका. शिवाय रिमचा व्यास आणि रुंदी मशीनमध्ये खरी भरलेली हवी. १७ इंची रिमला आधीच्या कारचे १४ इंच तसेच राहिले तर ग्रॅमचा आकडाच चुकतो. अरुंद चाकासाठी मशीन स्टॅटिक मोडवर ठेवायला सांगा, नाहीतर ते रिमच्या दोन्ही कडांना वेगवेगळी वजनं मागत बसतं.

ॲडॅप्टर असेल, मागचा टायर १५० किंवा त्याहून रुंद असेल आणि महामार्गावर नेहमी जाणं होत असेल, तर मशीनवर जरूर जा. पुढच्या चाकाला दांडा पुरतो.

## टायरमध्ये टाकायचे मणी

काच, सिरॅमिक किंवा प्लास्टिकचे बारीक मणी टायरच्या आत सोडतात, साधारण पुढे ३० आणि मागे ६० ग्रॅम. चाक फिरलं की ते आपोआप हलक्या बाजूला जमतात, असा दावा असतो. हा दावा निराधार नाही. वरून उघडणाऱ्या पुष्कळ ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या टबाला वरच्या कडेला बंद रिंग असते, तिच्यात मिठाचं पाणी असतं. कपडे एका बाजूला गोळा झाले तर हे पाणी समोरच्या बाजूला जाऊन तोल सावरतं. पण ते फक्त टबाने आपला डोलण्याचा वेग ओलांडल्यावरच. त्याखाली पाणी उलट जड बाजूकडेच जातं. सुकवण्याच्या सुरुवातीला मशीन धडधडतं ते आठवा.

चाकातही हीच अट लागू आहे, आणि चाकाचा तो ताल आपण वर पाहिला: सेकंदाला १०-१५, म्हणजे ताशी ८० च्या आगेमागे. त्याखालच्या वेगात मण्यांकडून तोल सावरण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, आणि आपला बहुतेक प्रवास त्याच वेगांत होतो. वरच्या वेगातही रस्ता गुळगुळीत हवा. खड्ड्याच्या दणक्याने मण्यांची जागा मोडते आणि ती पुन्हा जमावी लागते. आमच्या मते इथल्या रस्त्यांवर वजनांची जागा मणी घेऊ शकत नाहीत.

तरीही टाकायचेच असतील तर टायर आतून कोरडा हवा, कारण दमट हवेत मण्यांचे गठ्ठे होतात आणि पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर पाणी येतंच. व्हॉल्व्हमध्ये जाळीचा कोर (मणी अडवणारी आतली पिन) घाला आणि हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर मणी अडकून हवा गळत राहते. पंक्चरचं लिक्विड आणि मणी एकत्र कधीच नको.

## लिक्विड

पंक्चरचं लिक्विड पंक्चरसाठी असतं, आणि रात्री मानपूरच्या घाटात खिळा लागला तर ते घरापर्यंत पोचवतं. त्यासाठी घेत असाल तर आक्षेप नाही. ते बॅलन्सिंगही करतं, हे म्हणणं मात्र मान्य करण्यासारखं नाही. टायरमध्ये सुमारे पाव लिटर लिक्विड जातं, म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या वर वजन. आपण वीस ग्रॅमचा फरक काढायला निघालो आणि त्याच्या दहापटीहून जास्त वजन आत मोकळं सोडलं. गाडी रात्रभर उभी राहिली की ते तळाशी साचतं, सकाळी पहिले काही किलोमीटर चाक लंगडतं. महिनोन् महिने वाळत गेलं तर त्याचा पापुद्रा एकाच जागी धरतो आणि कायमची जड बाजू तयार होते. आत लिक्विड असताना दांड्यावरचं बॅलन्सिंगही जमत नाही, कारण चाक कुठेही थांबवा, लिक्विड तळाला येऊन तीच बाजू जड दाखवतं. बॅलन्स करायचा असेल तर टायर उतरवून आतून धुवा, मगच सुरुवात करा.

## नेहमीच्या शंका

*शोरूममधून आली तेव्हा चाकावर एकही वजन नव्हतं. म्हणजे कंपनीला बॅलन्सिंग गरजेचं वाटलं नाही ना?* वजन नाही म्हणजे बॅलन्सिंग केलेलं नाही, असं नाही. रिम आणि टायरची जोडी मुळातच जुळली तर वजन लागत नाही. नवा टायर टाकला की ती जोडी मोडते.

*मी लोकमान्य नगर ते ऑफिस, पन्नासच्या वर जातच नाही.* मग ठिपका जुळवून टायर बसवा, हवा नीट ठेवा, पुरे. १००-१२५ सीसीच्या शहरातल्या गाडीला याहून जास्त खर्च करण्याचं कारण नाही. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, हे गणित तुमच्या बाजूने आहे.

*बॅलन्सिंग केलं की गाडी एका बाजूला ओढायची थांबेल का?* नाही, ते अलाइनमेंटचं काम. चेन ताणताना मागचं ॲक्सल डावी-उजवीकडे सारख्या खुणेवर नसेल तर गाडी ओढते. बॅलन्सचा दोष थरथरवतो, ओढत नाही.

*नायट्रोजन भरला तर?* बॅलन्सवर काहीही परिणाम नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

*टायर जास्त टिकेल का?* जोरात चालणाऱ्या गाडीत थोडा फरक पडतो, कारण उसळणारं चाक टायरला जागोजागी खळगे पाडतं. पण टायरचं आयुष्य सगळ्यात जास्त हवेच्या दाबावर ठरतं. दर पंधरवड्याला हवा न बघणाऱ्याने बॅलन्सिंगकडून टिकाऊपणाची अपेक्षा करू नये.

*पंक्चर काढल्यावर पुन्हा करावं का?* ट्यूबलेसमध्ये बाहेरून घातलेली दोरीसारखी पट्टी काही ग्रॅमचीच असते. तिचं बाहेरचं टोक कापलं की विषय संपला. आतून मोठा पॅच लावायला टायर उतरवला असेल तर मात्र पुन्हा तपासा, कारण टायर पूर्वीच्याच जागी बसलेला असेल याची खात्री नसते.

त्या खात्रीसाठी बॅलन्सिंग झाल्या झाल्या टायरच्या बाजूवर, व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी, पांढऱ्या रंगाने एक बारीक रेघ मारून ठेवा. साबणाचं पाणी लावून बसवलेला टायर सुरुवातीच्या दिवसांत जोरात ब्रेक मारल्यावर रिमवर थोडा सरकू शकतो. दोन-तीनशे किलोमीटर झाले की रेघ बघा. ती व्हॉल्व्हपासून हललेली दिसली तर टायर फिरला आहे. वजनं जागच्या जागी असली तरी मोजणी पुन्हा करावी लागेल.